विस्कॉन्सिनमध्ये खोकडाच्या ट्रॅपिंगचे नियम बदलायचा ठराव आलाय, मत काय द्यायचं?

ताई, आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा मांडतो. मॅडिसनच्या बाहेर पाच एकर जागा घेऊन तुम्ही राहायला गेलात, शेजारचं घर पिढीजात ट्रॅपरचं, म्हणजे सापळे लावून जनावरं पकडणाऱ्यांचं, माणसं चांगली आहेत, बर्फात तुमची गाडी अडकली तर तेच ट्रॅक्टर घेऊन येतात, आणि आता एप्रिलच्या काउंटी मीटिंगसाठी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, तिथे अशा नियमांवर लोक मत देतात) त्यांनी ठराव लिहिलाय. त्यात तीन मागण्या आहेत: फॉक्सचा, म्हणजे खोकडाचा, सीझन १५ फेब्रुवारीला संपतो तो मार्चच्या मध्यापर्यंत न्यावा, ट्रॅप रोज तपासायची सक्ती काढून तीन दिवसांतून एकदा करावी, आणि केबल रिस्ट्रेंट (जनावराला मानेत धरून जिवंत अडकवून ठेवणारा तारेचा फास) १ डिसेंबरऐवजी १ नोव्हेंबरपासून लावू द्यावेत. तुम्ही विचारताय की मत काय द्यायचं, हे सगळं मुळातच क्रूर आहे का, आणि तुमच्या लॅब्रडॉरला काही झालं तर काय करायचं.

मी मूळचा सोलापूरकडचा, नान्नजच्या माळाला लागून आमचं गाव, इकडे वाइल्डलाइफ शिकायला आलो आणि गेली बावीस वर्षं फर असणाऱ्या प्राण्यांवरच काम करतोय, म्हणजे रेड फॉक्स, ग्रे फॉक्स, कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या मधलं जनावर), रकून वगैरे. ट्रॅपिंगचं लायसन्स माझ्याकडे आहे, नवीन ट्रॅपरला जो कोर्स कम्पल्सरी असतो तो मी शिकवतो, आणि रेडिओ कॉलर घालून सोडायला जी जनावरं पकडतो ती याच ट्रॅपमध्ये पकडतो. हे शेवटचं बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. संशोधनासाठी फॉक्स जिवंत आणि धडधाकट हवा असतो, पाय मोडलेल्या जनावराला कॉलर घालून काय उपयोग, आणि तरी आम्ही वापरतो ते फूटहोल्ड (पाय धरणारा ट्रॅप) आणि केबल रिस्ट्रेंटच, कारण रेड फॉक्स पिंजऱ्यात सहजी शिरतच नाही. त्यामुळे "ट्रॅप म्हणजे क्रूरता" असं सरसकट मला म्हणता येत नाही आणि "ट्रॅपर म्हणतो ते बरोबर" असंही नाही.

एक शब्दाचा घोळ आधी मिटवतो. आपण मराठीत फॉक्सला पटकन कोल्हा म्हणतो पण कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सला आपल्याकडे खोकड म्हणतात, माळावर बिळं करून राहणारं, काळ्या शेंड्याच्या शेपटीचं लहानखुरं जनावर. इथला रेड फॉक्स त्याचाच मोठा भाऊबंद, शेपटीचं टोक पांढरं. ग्रे फॉक्स मात्र वेगळ्याच जातकुळीचा, झाडावर सरसर चढतो, आणि नियमांच्या बाबतीत या दोघांना एका ओळीत बसवणं ही माझ्या मते मोठी चूक आहे, त्यावर पुढे येतो.

आता फॉक्स पकडतात कसा ते थोडं सांगतो, नाहीतर मागण्यांचा अर्थ लागणार नाही. नेहमीची पद्धत म्हणजे डर्ट होल सेट. जमिनीत तिरकं वीतभर भोक पाडायचं, फॉक्सने उंदीर पुरून ठेवल्यासारखं, आत बेट, म्हणजे खायचं आमिष, आणि ल्युअर, म्हणजे वासाचं आमिष, आणि भोकाच्या तोंडापासून वीतभर अलीकडे दीड नंबरचा कॉइल स्प्रिंग ट्रॅप जमिनीत बसवायचा, वर चाळणीने चाळलेली कोरडी माती. फॉक्स वास घ्यायला येतो, पुढचा पाय पॅनवर, म्हणजे ट्रॅपच्या मधल्या चकतीवर, पडतो, जबडे पंज्याच्या वर बंद होतात. चांगल्या ट्रॅपला दात नसतात, जबडे जाड आणि गोलसर कडेचे असतात, बंद झाल्यावरही मध्ये थोडी फट राहते, साखळी बरोबर मध्यावर जोडलेली असते आणि तिला दोन-तीन स्विव्हल (गोल फिरणाऱ्या कड्या) असतात म्हणजे जनावर गोल फिरलं तरी पाय पिळला जात नाही. या एकेका गोष्टीने जखमा किती कमी होतात ते मोजलं गेलंय. इथल्या राज्यांच्या वन्यजीव खात्यांची जी देशपातळीवरची संघटना आहे तिने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रत्येक जातीसाठी कुठला ट्रॅप चालेल याची चाचणी सुरू केली. पकडलेल्या जनावरांचं शवविच्छेदन करून जखमांना गुण द्यायचे, सरासरी ५५ च्या वर गेली तर ट्रॅप नापास, किमान ७० टक्के जनावरांना गंभीर इजा नको, आणि ज्यांच्या पायाने ट्रॅप सुटला त्या १०० जनावरांपैकी ६० तरी त्यात अडकून राहिली पाहिजेत. तुमच्या शेजाऱ्यांना विचारा की तुमचे ट्रॅप या यादीतले आहेत का. जो ट्रॅपर लगेच उत्तर देतो तो काम मनापासून करतोय असं समजा.

पण या ट्रॅपची अडचण म्हणजे विस्कॉन्सिनची थंडी. नोव्हेंबर उजाडला की दिवसा चिखल आणि रात्री बर्फ. ट्रॅप ओल्या मातीत बसवला की पहाटे तो दगडासारखा घट्ट होतो, फॉक्स पॅनवर उभा राहून बेट खाऊन जातो तरी हलत नाही. त्यावर लोक मेण लावलेली माती वापरतात, पीट मॉस वापरतात, काहीजण ग्लायकॉल फवारतात. मीठ टाकलं तर ट्रॅप गंजतो. आणि अर्धवट गोठलेला ट्रॅप हा सगळ्यात वाईट, कारण तो उशिरा आणि अर्धाच बंद होतो, पंज्याऐवजी दोन बोटंच धरतो, मग जनावर ओढून ओढून बोटं सोलवटून घेतं. मी असे पंजे पाहिलेत, माझ्या स्वतःच्या सेटमध्येही पाहिलेत, आणि तेव्हापासून जमीन धोका द्यायला लागली की मी फूटहोल्ड उचलून घेतो, मग काम अर्धवट राहिलं तरी चालेल.

यातूनच केबल रिस्ट्रेंटची मागणी आली होती. साधारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत विस्कॉन्सिनमध्ये जमिनीवर कुठलाही फास लावायला बंदी होती. ट्रॅपर म्हणत होते की हिवाळ्यात फॉक्स आणि कायोटीसाठी आम्हाला काहीतरी द्या जे गोठत नाही. खात्याने नुसतं हो किंवा नाही म्हणण्याऐवजी २००० ते २००२ च्या हिवाळ्यांत प्रत्यक्ष अभ्यास केला, जनावरं पकडून तपासली, आणि त्यानंतर परवानगी दिली ती अगदी मोजूनमापून दिली. नियम बदलून मागायचा तर असा, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो.

त्या मापांमागचं कारण सांगतो, कारण तुमच्या शेजाऱ्यांच्या तिसऱ्या मागणीचा निकाल यातच आहे. केबल निदान तीन बत्तीसांश इंच जाडीची, अनेक तारा पिळून केलेली, कारण त्याहून बारीक केबल कातडीत घुसते. लांबी सात फुटांपर्यंत. फाशाचा व्यास उघडा असताना बारा इंचांपेक्षा मोठा नको आणि त्याची खालची कड जमिनीपासून सहा ते बारा इंचांवर हवी, म्हणजे फॉक्सचं डोकं बरोबर आत जातं, हरणाचं सहसा जात नाही. फासाला एक स्टॉप असतो, त्यामुळे तो अडीच इंचांच्या खाली आवळतच नाही, हरणाचा पाय चुकून पडलाच तर सुटून येतो आणि फॉक्सचा गळाही दाबला जात नाही. लॉक म्हणजे एक वाकवलेला वॉशर, ओढलं की धरतो आणि ओढ थांबली की थोडा ढिला पडतो. साडेतीनशे पाउंडांच्या आत तुटणारा एक तुकडा असतो म्हणजे मोठं जनावर जोर लावून निघून जाईल. स्विव्हल हवाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केबल जिथवर पोचते त्या वर्तुळात कुंपण नको आणि अर्ध्या इंचापेक्षा जाड खोडाचं झुडूपही नको. याचं कारण अनुभवातून आलंय. केबलमधलं जनावर मरतं ते बहुतेक वेळा केबल कशाला तरी गुंडाळली जाऊन, मोकळ्या जागेत ते कुत्रा साखळीला बसतो तसं बसून राहतं. सकाळी गेलं की बर्फात गोल वाट पडलेली असते आणि मध्ये फॉक्स अंगाचं मुटकुळं करून बसलेला असतो. मी अशी कितीतरी जनावरं कॉलर घालून सोडलीत, केबल काढल्यावर मानेवर नुसते केस विस्कटलेले.

फास म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यासमोर वेगळंच चित्र येतं, ते साहजिक आहे. महाराष्ट्रात रानडुकरासाठी गाडीची क्लच वायर कुंपणाला बांधून ठेवतात, त्यात बिबट्या कंबरेत अडकतो, दोन दोन दिवस ओरडत राहतो, वनखात्याची टीम पोचेपर्यंत आत जखम पार खोल गेलेली असते. त्या वायरला स्टॉप नाही, स्विव्हल नाही, तुटायची सोय नाही, ती कुंपणालाच बांधलेली, आणि लावणारा माणूस परत कधी येईल त्याला ठाऊक. वर सांगितलेल्या मापांच्या यादीत ज्या ज्या गोष्टी बंद आहेत त्या सगळ्या त्या एका वायरमध्ये आहेत. आणि भारतात हे गुन्ह्यातच मोडतं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच सापळा आणि फास लावणं घातलेलं आहे, खोकडासाठी असो की बिबट्यासाठी.

पण आपल्याकडे फासाचं दुसरंही रूप होतं. लहानपणी आमच्या माळावर फासेपारध्यांची पालं पडायची, त्यांचं नावच फाशावरून पडलेलं. एक म्हातारे आजोबा तितरासाठी बारीक फासांची माळ लावायचे आणि लावून झाली की तिथंच बाभळीखाली बसायचे, पोरांनी आवाज केला तर हाताने गप्प करायचे. पाखरू फडफडलं की दुसऱ्या मिनिटाला ते तिथे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्याची शिक्षा त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली, तो विषय मोठा आहे. मला इथे एवढंच सांगायचंय की फास लावणारा माणूस फासापासून किती लांब आणि किती वेळ जातो यावर सगळं ठरतं, हे मी त्या आजोबांकडे बघून शिकलो, अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत नाही.

म्हणून दुसऱ्या मागणीवर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. रोजची फेरी तीन दिवसांवर नेऊ नका. ट्रॅपर लोकांची बाजू मला माहितीये: पेट्रोल महाग झालं, नोकरी सांभाळून सकाळी साठ मैल फिरणं होत नाही, दुसऱ्या काही राज्यांत जास्त मुदत चालते मग आम्हालाच का. सगळं खरं आहे. पण जनावराच्या बाजूने बघा. फॉक्स पकडला जातो तो रात्री, बहुतेक वेळा मध्यरात्र ते पहाट. तुम्ही उजाडताच गेलात तर तो पाच-सहा तास अडकलेला असतो. तिसऱ्या दिवशी गेलात तर साठ तास, उणे वीस तापमानात, पाणी नाही, पायाला सूज, ट्रॅपच्या खालचा पंजा थंडीने बधिर झाला की तो स्वतःच चावायला लागतो. ज्या ट्रॅपला चाचणीत पास केलं तो रोज तपासला जातो असं धरूनच पास केलाय. म्हणजे तीन दिवसांची मुदत मागताना तुम्ही त्या सर्टिफिकेटचा आधार सोडून देताय, मग मीटिंगमध्ये "आमचे ट्रॅप ह्युमेन, म्हणजे जनावराचे हाल न करणारे, आहेत" असं कुठल्या तोंडाने सांगणार.

उलट मला तर आत्ताचाच नियम थोडा ढिला वाटतो. "दिवसातून एकदा" याचा अर्थ कॅलेंडरचा दिवस, म्हणजे सोमवारी पहाटे बघितलं आणि मंगळवारी रात्री दहाला गेलं तरी नियमात बसतं, मधे चाळीस तास होतात. मी शिकवताना सांगतो की दुपारी बाराच्या आत, आणि जमलं तर नऊच्या आत. ज्याला रोज जमत नाही त्याने कमी सेट लावावेत, तीस लावून तीन दिवसांनी बघण्यापेक्षा दहा लावून रोज बघितले तर हातात येणारी कातडीही चांगली असते, कारण जास्त वेळ राहिलेलं जनावर ओढाताणीत फर खराब करून घेतं आणि पुष्कळदा कायोटी येऊन ते फाडतो. मोबाइलवर मेसेज पाठवणारे ट्रॅप मॉनिटर आता मिळतात, ट्रॅप सुटला की फोन वाजतो, मी वापरतो आणि मला आवडतात, पण फेरीला पर्याय म्हणून मी ते धरत नाही, थंडीत बॅटरी बसते आणि तुमच्या भागात दरीत उतरलं की नेटवर्क गायब.

पहिली मागणी, सीझन मार्चच्या मध्यापर्यंत. इथेही नाही, आणि याचं कारण ट्रॅपरला स्वतःलाच माहीत असतं. फॉक्सचा मिलनाचा काळ जानेवारी-फेब्रुवारी. गर्भ बावन्न दिवसांच्या आसपास, पिल्लं मार्चअखेर ते एप्रिलमध्ये. म्हणजे मार्चमध्ये जी मादी पकडाल ती पोटुशी. आणि फरच्या दृष्टीने बघितलं तर फॉक्सची कातडी उत्तम असते ती नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरभर. जानेवारीनंतर उन्हात बसून, बिळात घासून पाठीवरचे लांब केस झडायला लागतात, लिलावात असं कातडं आलं की दर धाडकन पडतो. मग पोटुशी मादी आणि घासलेली कातडी यासाठी सीझन कशाला वाढवायचा. सीझन ऑक्टोबरच्या मध्याला उघडतो तेव्हाही फर कच्चीच असते, कातडं आतून निळसर दिसतं. तुमच्या शेजाऱ्यांना दिवस हवेच असतील तर मी असं म्हणेन की ऑक्टोबरचे दिवस सोडून द्या, नोव्हेंबरपासून सुरू करा, कुणी विरोध करणार नाही आणि प्रत्येक कातड्याला पैसे जास्त येतील. जुने जाणते ट्रॅपर ऑक्टोबरात फॉक्ससाठी लावतच नाहीत.

पैशांचं म्हणाल तर तेही थोडं समजून घ्या म्हणजे शेजाऱ्यांबद्दल गैरसमज होणार नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी एका चांगल्या रेड फॉक्सच्या कातड्याला पन्नास डॉलरच्या वर भाव होता, तेव्हाचे पन्नास, लोकांनी त्यावर घराचे हप्ते फेडले. १९८० च्या दशकाच्या अखेरीला बाजार कोसळला तो तसा परत कधी उठला नाही, आणि २०१९ साली उत्तर अमेरिकेतलं सर्वात मोठं लिलावघर कर्जात अडकून बंदच पडलं. आज फॉक्सवर कुणी पोट भरत नाही. जे करतात ते आजोबांनी शिकवलं म्हणून, पहाटेच्या अंधारात एकट्याने रानात फिरायला आवडतं म्हणून, कोंबड्या वाचवायला म्हणून. माझ्या अनुभवात जंगलातल्या मागांची यांच्याइतकी जाण बाकी कुणाला नाही, कॉलरिंगच्या वेळी आमच्या बायोलॉजिस्ट पोरांना सेटची जागा दाखवायला मी यांच्यातल्याच एकाला सोबत नेतो. फक्त एक गोष्ट मी त्यांनाही तोंडावर सांगतो, की "आम्ही नसतो तर फॉक्स वाढून रोगराई पसरेल" हे कारण देऊ नका. आजच्या भावात जितके फॉक्स पकडले जातात त्याने संख्येवर फारसा फरक पडत नाही. रेड फॉक्स किती आणि कुठे राहील हे ठरवतात कायोटी आणि खरूज. कायोटी वाढले की रेड फॉक्स माणसांच्या घरांजवळ सरकतो, मॅडिसन शहरातच तो मुक्कामाला आहे, तिथे युनिव्हर्सिटीचा शहरी फॉक्स-कायोटींवरचा प्रकल्प २०१४ पासून चालू आहे. नान्नजलाही वन्यजीव संशोधक अबी तमीम वनक यांच्या अभ्यासातून असंच पुढे आलं होतं, की खोकडाचं जगणं मोकाट कुत्री आणि त्यांच्याकडून येणारा डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग) यांच्याशी बांधलेलं आहे. कारण खोटं दिलं की लोक मग खऱ्या कारणावरही विश्वास ठेवत नाहीत.

ग्रे फॉक्सचं राहिलं. ठरावात नुसतं "फॉक्स" लिहिलंय, रेड की ग्रे ते नाही. मिडवेस्टातल्या (अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या) बऱ्याच राज्यांत ग्रे फॉक्स कमी होत चाललाय अशी काळजी गेली काही वर्षं बायोलॉजिस्ट बोलून दाखवतायत, कारणांमध्ये डिस्टेंपर आहे, कायोटी आहेत, जुनी दाट रानं कमी झाली ते आहे. अशा जनावरासाठी सवलत मागताना रेड फॉक्सच्या शेपटीला बांधून मागू नये. दुसरं म्हणजे फूटहोल्डमध्ये ग्रे फॉक्स जास्त धडपडतो, त्याला इजा जास्त होते. केबलमध्ये तो बरा राहतो, फक्त जवळ झाड असलं तर चढायला जातो आणि लटकतो, म्हणून ती मोकळ्या वर्तुळाची अट त्याच्यासाठी जिवाची आहे. मीटिंगमध्ये तुम्ही एकच वाक्य बोलणार असाल तर हे बोला, की ठराव दोन जातींसाठी वेगळा करा.

आता तिसरी मागणी, केबल १ नोव्हेंबरपासून. यावर माझं मत अर्धं हो आहे. १ डिसेंबर ही तारीख उगाच आलेली नाही, नोव्हेंबरात हरणांचा माज असतो, नर बेभान पळत असतात, आणि पक्ष्यांच्या शिकारीला लोक कुत्री घेऊन रानात असतात, त्यांची कुत्री झुडपातूनच फिरतात जिथे केबल लावलेली असते. सार्वजनिक जमिनीवर म्हणून १ डिसेंबरच राहू द्यावं. पण खाजगी जमिनीवर, मालकाची लेखी परवानगी असेल आणि तिथे दुसरं कुणी कुत्रं घेऊन येत नसेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून द्यायला माझी हरकत नाही, कारण नेमका तोच काळ चिखल-बर्फाचा, जेव्हा फूटहोल्ड सगळ्यात वाईट वागतो. तिथे केबल दिली तर जनावराचे हालच कमी होतील. सोबत पेनसिल्व्हेनियासारखी अट घालावी, तिथे केबल रिस्ट्रेंटचा वेगळा कोर्स केल्याशिवाय ते लावताच येत नाहीत. एका दिवसाच्या कोर्सने माणूस वर्तुळ मोकळं ठेवायला शिकतो.

हे सगळं शेजाऱ्यांना मीटिंगच्या आधी चहाला बोलावून सांगा, तिथे माइकवर सांगू नका. आणि त्यांना हेही सांगा की दुसऱ्या राज्यांत काय झालं. मॅसॅच्युसेट्स आणि कोलोराडोने १९९६ साली थेट जनमतानेच बहुतेक ट्रॅप बंद केले, कॅलिफोर्नियाने १९९८ ला, वॉशिंग्टनने २००० साली. न्यू मेक्सिकोत २०१८ साली रॉक्सी नावाची कुत्री फिरायला नेलेली असताना मालकाच्या डोळ्यादेखत फासात गेली, तो फास बेकायदा लावलेला होता, पण २०२१ मध्ये तिच्या नावाने कायदा होऊन सार्वजनिक जमिनीवरचं ट्रॅपिंग सगळ्यांचंच बंद झालं, नीट लावणाऱ्यांचंही. युरोपियन युनियनने तर फूटहोल्ड १९९५ पासूनच हद्दपार केलेत. तीन दिवसांची मुदत मागणारा ठराव पेपरात छापून आला की शहरातला मतदार त्यातलं बाकी काही वाचत नाही.

प्रक्रियेचं म्हणाल तर घाबरायचं कारण नाही, या एप्रिलमध्ये मत दिलं म्हणून या हिवाळ्यात नियम बदलत नाही. विस्कॉन्सिनची ही पद्धत मला फार आवडते. कॉन्झर्व्हेशन काँग्रेस, म्हणजे वन्यजीवांच्या नियमांवर लोकांचं मत पुढे नेणारी नागरिकांची संस्था, १९३४ पासून आहे, ७२ काउंट्यांतून प्रत्येकी पाच प्रतिनिधी, एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी प्रत्येक काउंटीत सभा. कुणीही रहिवासी ठराव आणू शकतो आणि कुणीही मत देऊ शकतो, लायसन्स लागत नाही. ठराव काउंटीत पास झाला तर समितीकडे जातो, समितीला पटला तर पुढच्या वर्षी सगळ्या राज्यासमोर प्रश्न म्हणून येतो, मग सात जणांच्या नॅचरल रिसोर्सेस बोर्डासमोर, आणि नंतर विधिमंडळाची नजर. सभेचं मत सल्ला म्हणून धरतात, बंधनकारक नसतं, पण बोर्ड ते मोजतं. ठरावात तीन मागण्या एकत्र असतील तर तुम्हाला एकच मत देता येईल, म्हणून आत्ताच शेजाऱ्यांना तीन वेगळे ठराव करायला सांगा. एकत्रच आला तर तुम्ही नाही असं मत द्या, आणि का नाही ते सभेनंतर त्यांच्याशी बोला. वेगळे आले तर पहिल्या दोनांना नाही, आणि तिसऱ्यात वरच्या अटी घातल्या तर हो.

शेवटी तुमचा लॅब्रडॉर. कुत्र्यांचे जीव जातात ते मुख्यतः चौकोनी बॉडीग्रिप ट्रॅपमध्ये (जनावराचं अंग आवळून मारणारा), जो रकून आणि फिशर (मुंगसासारखं दिसणारं जनावर) यांच्यासाठी लावतात, फॉक्ससाठी नाही. तरी फूटहोल्ड, केबल आणि बॉडीग्रिप तिन्ही सोडवायला शिकून घ्या, शेजाऱ्यांच्याच गॅरेजमध्ये रिकामे ट्रॅप घेऊन, ते आनंदाने शिकवतील. फूटहोल्ड असेल तर कुत्र्याच्या तोंडावर जॅकेट टाका म्हणजे घाबरून चावणार नाही, ट्रॅप सपाट जमिनीवर ठेवा, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर एकेक पाय देऊन सगळा भार टाका, जबडे उघडतात. केबल असेल तर पट्ट्याला सवय असलेलं कुत्रं बहुतेक वेळा शांत बसून असतं, त्याला ओढू नका, हाक मारून लांबूनही बोलावू नका, तुम्हीच जवळ जा म्हणजे केबल ढिली पडेल, मग वाकडा वॉशर केबलशी काटकोनात धरून मागे सरकवा. नाही सरकला तर कापायची. साध्या पकडीने ही केबल तुटत नाही, हार्डवेअरच्या दुकानात केबल कटर म्हणून मिळतो तो घ्या आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फिरायला जाताना खिशात ठेवा. बॉडीग्रिपचं मात्र नुसतं वाचून जमत नाही, दोन्ही स्प्रिंग दाबायला हातात जोर आणि सराव लागतो, चार फुटांचा पट्टा स्प्रिंगच्या कड्यांतून ओवून पायाने ओढायची युक्ती आहे, ती आधी गॅरेजमध्ये चार वेळा करून बघा. आणि प्रत्येक ट्रॅपला लावणाऱ्याची ओळख असलेला टॅग कायद्याने लागतो, तुमच्या हद्दीत बिनटॅगचा किंवा तुमच्या परवानगीशिवाय लावलेला दिसला तर हात न लावता फोटो काढा आणि वॉर्डनला (वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला) फोन करा.